ओहम : प्रवाहाचा हिशेब मांडणारा शाळामास्तर

साखर कारखान्यातील बॉयलर असो, रासायनिक कारखान्यातील अभिक्रियापात्र असो वा शहराला पाणी पुरविणारी मोठी जलवाहिनी असो, आतला दाब किती आहे हे पाहण्यासाठी आता कोणाला त्या यंत्रापाशी जाऊन उभे राहावे लागत नाही. यंत्रावर बसविलेला प्रेशर ट्रान्समीटर तो दाब मोजतो आणि दोन साध्या तारांवरून दूरच्या नियंत्रण कक्षाला कळवितो. कळविण्याची त्याची भाषा असते विद्युतप्रवाहाची. दाब शून्य असेल तर ४ मिलिअँपिअर, दाब पूर्ण मर्यादेला पोहोचला तर २० मिलिअँपिअर आणि मधल्या प्रत्येक दाबाला मधला एकेक आकडा. जगभरातील कारखाने गेली अनेक दशके या भाषेवर विसंबून आहेत. संगणकाच्या आणि बिनतारी संदेशवहनाच्या युगातही ती मागे पडलेली नाही.

तारेचा रोध किती, परिपथातून प्रवाह किती वाहील आणि तो कशाने कमी-जास्त होईल, या प्रश्नांची उत्तरे ठाऊक असल्याखेरीज ही भाषा जन्मालाच आली नसती. ती उत्तरे शोधणारा माणूस कोणत्याही नामांकित विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. जर्मनीतील कलोन शहरात तो मुलांना गणित आणि भौतिकशास्त्र शिकवीत होता. त्याचे नाव जॉर्ज सायमन ओहम. शाळेच्या पुस्तकातील ओहमचा नियम प्रत्येकाने पाठ केलेला असतो. पण त्या एका ओळीसाठी ओहमला नोकरी, प्रतिष्ठा आणि उमेदीची कितीतरी वर्षे पणाला लावावी लागली, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

कुलुपे घडविणाऱ्या बापाची शाळा

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी बव्हेरियातील एर्लांगेन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग हे कुलुपे घडविणारे कारागीर होते. त्यांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते, पण स्वतःच्या प्रयत्नाने त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्राचे बरेच ज्ञान मिळविले होते. आई मारिया एलिझाबेथ शिंप्याच्या घरातली. या दांपत्याला सात मुले झाली. त्यांपैकी जॉर्ज, मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ बार्बरा ही तिघेच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईचेही छत्र हरपले.

दोन्ही मुलांना वडिलांनी स्वतः शिकविले. गावातील शाळेत विज्ञानाला फारसे स्थान नव्हते. घरी मात्र गणिताचे, भौतिकशास्त्राचे, रसायनाचे आणि तत्त्वज्ञानाचे पाठ होत. एर्लांगेन विद्यापीठातील प्राध्यापक लांग्सडॉर्फ यांनी या मुलांची परीक्षा घेतली, तेव्हा गणितज्ञांच्या पिढ्या घडविणाऱ्या बर्नुली घराण्याची त्यांना आठवण झाली. धाकटा मार्टिन पुढे खरोखरच गणिताचा प्राध्यापक झाला. थोरल्याचा मार्ग मात्र अधिक खडतर निघाला. वडिलांच्या हाताखाली धातूचे काम पाहत वाढलेल्या जॉर्जला तारा ओढणे, उपकरणे जुळविणे, स्क्रू बसविणे यांचे वळण लहानपणीच लागले होते. या कारागिरीचा उपयोग त्याला पुढे विद्यापीठीय शिक्षणाइतकाच झाला.

१८०५ साली जॉर्ज एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाला. तेथे नृत्य, बर्फावरील घसरणी आणि बिलियर्ड्स यांतच त्याचा बराचसा वेळ जाऊ लागला. स्वतःला न मिळालेली संधी मुलगा वाया घालवीत आहे, हे वडिलांना सहन झाले नाही. तीन सत्रांनंतर त्याला विद्यापीठ सोडावे लागले आणि १८०६ मध्ये तो स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झाला. घरापासून दूर, तुटपुंज्या पगारावर, त्याने ऑयलर आणि लाप्लास यांचे ग्रंथ स्वतःच अभ्यासले. १८११ मध्ये तो परतला, त्याच वर्षी त्याने एर्लांगेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि तेथेच अध्यापन सुरू केले. पण त्या पदावर पोट भरणे अशक्य होते आणि बढतीची आशा नव्हती. तीन सत्रांतच ती नोकरी सोडून १८१३ मध्ये बाम्बेर्गमधील एका सामान्य शाळेत शिकविण्याची वेळ त्याच्यावर आली. १८१६ मध्ये ती शाळाही बंद पडली.

या काळात लिहिलेले भूमितीचे एक पुस्तक त्याच्या मदतीला धावून आले. १८१७ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक त्याने प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला पाठविले. राजाला ते पसंत पडले आणि त्याच वर्षी कलोनमधील जेझुइटांच्या जुन्या शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकविण्याचे काम ओहमला मिळाले. या शाळेजवळ एक चांगली प्रयोगशाळा होती. त्यावेळी ओहम अठ्ठावीस वर्षांचा होता.

घाईचा निष्कर्ष

१८०० साली व्होल्टाने विद्युतघटाचा शोध लावला आणि सतत वाहणारी वीज प्रथमच माणसाच्या हाती आली. १८२० मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेडला दिसले की, तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची हलते. त्यापाठोपाठ फ्रान्समध्ये अँपिअरने प्रवाहांच्या परस्पर आकर्षणाचे गणित मांडले. युरोपातील प्रत्येक प्रयोगशाळेत तारा आणि सूच्या यांची लगबग सुरू झाली. तरीही एक अगदी साधा प्रश्न अनुत्तरित होता : तारेची लांबी वाढली की विजेचा परिणाम नेमका किती घटतो?

ओहमने हा प्रश्न हाती घेतला. वेगवेगळ्या लांबीच्या तारा परिपथात घालून चुंबकसूचीवरचा परिणाम किती कमी होतो, हे तो टिपू लागला. पण त्याच्याजवळ असलेला विद्युतघट बेभरवशाचा होता. परिपथ जोडताच त्याचा जोर उसळे आणि मग ओसरत जाई. एक नोंद घेऊन दुसरी घेईपर्यंत उगमच बदललेला असे. तशाही स्थितीत ओहमने आकडे जुळविले आणि १८२५ मध्ये एक सूत्र प्रसिद्ध केले. ते लॉगरिथमवर आधारलेले होते आणि ते चुकीचे होते.

आपले सूत्र सर्व लांबींना लागू पडत नाही, हे ओहमच्या स्वतःच्याच लवकर ध्यानात आले. पण छापलेला शब्द मागे घेता येत नाही. अगोदरच प्रतिष्ठित विद्यापीठाबाहेरचा, त्यातून पहिलेच सूत्र चुकलेले. पुढे खरा नियम मांडतानाही या पहिल्या घाईची सावली त्याच्या नावावर राहिली.

बर्फ, उकळते पाणी आणि आठ तारा

यातून मार्ग दाखविला बर्लिनच्या पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाने. विद्युतघटाऐवजी तापविद्युत जोडी वापरावी, अशी सूचना त्याने केली. दोन भिन्न धातूंचे जोड वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की परिपथात वीज वाहते, हा शोध थॉमस सीबेकने १८२१ च्या सुमारास लावला होता. ओहमने बिस्मथ आणि तांबे यांची जोडी बनविली, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे वितळत्या बर्फात ठेवले. उकळते पाणी आणि वितळता बर्फ ही दोन्ही तापमाने निसर्गानेच बांधून दिलेली. त्यामुळे मिळणारा विजेचा जोर अगदी थोडा असला तरी स्थिर होता.

मोजमापासाठी त्याने स्वतः उपकरण तयार केले. एक चुंबकसूची पातळ धातूच्या पट्टीला टांगलेली; तारेतून प्रवाह गेला की ती वळे. तिला मूळ जागी आणण्यासाठी पट्टीला जेवढा पीळ द्यावा लागे, तेवढा प्रवाहाचा परिणाम. १८२६ च्या जानेवारीत त्याने आठ तांब्याच्या तारा घेतल्या. जाडी सर्वांची सारखी, लांबी मात्र २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. दिवसांमागून दिवस तेच प्रयोग, त्याच नोंदी. शेवटी जे सूत्र हाती आले ते थक्क करणारे साधे होते. प्रवाहाचा परिणाम म्हणजे एक स्थिर संख्या ‘अ’ भागिले ‘ब’ अधिक तारेची लांबी.

यातील ‘अ’ म्हणजे उगमाचा जोर. तापमानातील फरक बदलला की तो बदले. ‘ब’ म्हणजे तार सोडून परिपथात उरलेल्या सर्व गोष्टींचा अडथळा. आणि लांबी म्हणजे तारेचा स्वतःचा अडथळा. आजच्या भाषेत सांगायचे तर, प्रवाह म्हणजे उगमाचे व्होल्टेज भागिले परिपथातील एकूण रोध. ओहमच्या विचारातील मोठेपणा या ‘एकूण’ शब्दात होता. वीज ही तारेच्या एखाद्या तुकड्यात घडणारी घटना नाही. संपूर्ण परिपथ हे एक कुटुंब आहे आणि त्यातील प्रत्येक घटकाचा अडथळा सर्वांच्या प्रवाहावर परिणाम करतो. तसेच एका मागोमाग एक जोडलेल्या परिपथात प्रवाह सर्वत्र सारखाच असतो.

पुस्तक आणि वनवास

हा नियम केवळ प्रयोगाने नव्हे, तर सिद्धांताने पटवून द्यावा, या हेतूने ओहमने अर्ध्या पगारी रजा घेतली आणि तो बर्लिनला भाऊ मार्टिनकडे जाऊन राहिला. १८२७ मध्ये विद्युतपरिपथाचे गणिती विवेचन करणारा त्याचा ग्रंथ तेथे प्रसिद्ध झाला. फ्रान्सच्या फूरियेने १८२२ मध्ये धातूतून वाहणाऱ्या उष्णतेचे गणित मांडले होते. उष्णता जशी उष्ण टोकाकडून थंड टोकाकडे वाहते, तशीच वीजही वाहते, हे साम्य धरून ओहमने आपली मांडणी केली.

आता एखाद्या विद्यापीठात प्राध्यापकपद मिळेल, अशी त्याची अपेक्षा होती. घडले उलटेच. त्यावेळच्या जर्मन विद्वानांत निसर्गाचे आकलन तत्त्वचिंतनाने करण्याकडे कल होता. हेगेलच्या तत्त्वज्ञानाचा प्रभाव मोठा होता. भौतिकशास्त्रात एवढे गणित कशाला, असा आक्षेप होता. बर्लिनच्या पोल या हेगेलवादी अभ्यासकाने या ग्रंथावर कठोर टीका केली. प्रयोग करणाऱ्यांना ग्रंथातील गणित अवघड वाटले आणि तत्त्वज्ञांना प्रयोग क्षुल्लक वाटले. दोहोंच्या मध्ये ओहम एकटा पडला. निराश होऊन १८२८ मध्ये त्याने कलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. पुढील काही वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ अध्यापन करून त्याने गुजराण केली. वयाची चाळिशी ओलांडलेल्या, अविवाहित, कायम नोकरी नसलेल्या या माणसाने जगातील एक मूलभूत नियम शोधला आहे, हे सभोवतालच्या फार थोड्यांना ठाऊक होते.

१८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्याला प्राध्यापकपद मिळाले तेव्हा थोडी स्थिरता आली. विद्यापीठाची प्रतिष्ठा या पदाला नव्हती. पण कारागिराच्या मुलाने तंत्रज्ञ घडविण्याचे काम मन लावून केले.

प्रवाहाची भाषा

ओहमने शोधलेले समीकरण आजच्या प्रेशर ट्रान्समीटरला लावून पाहिले की त्याच्या कामाचे मोल ध्यानात येते. ट्रान्समीटरच्या तोंडाशी धातूचा एक पातळ पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. दाब वाढला की तो किंचित वाकतो. अनेक ट्रान्समीटरमध्ये हा वाक मोजण्यासाठी ताण पडला की रोध बदलणारे घटक बसविलेले असतात. धातूची तार ताणली की तिचा रोध बदलतो, हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५६ मध्ये दाखवून दिले होते. रोधातील हा सूक्ष्म फरक ट्रान्समीटरमधील विद्युतमंडल ओळखते आणि त्यानुसार परिपथातील प्रवाह ४ ते २० मिलिअँपिअरच्या दरम्यान बांधून ठेवते.

परिपथ असतो अगदी साधा. २४ व्होल्टचा वीजपुरवठा, ट्रान्समीटर आणि नियंत्रण कक्षातील एक रोधक, तिन्ही एका माळेत. ओहमच्या समीकरणात ‘ब’ स्थिर होता आणि तारेची लांबी बदलली की प्रवाह बदलत असे. ट्रान्समीटरने हा खेळ उलटा केला आहे. तो स्वतःच परिपथातील बदलता ‘ब’ होऊन बसतो. तार लांब झाली, जोड थोडा गंजला, रोध वाढला, तरी तो आपला अडथळा तेवढाच कमी करतो आणि प्रवाह दाबाने ठरविलेल्या आकड्यावर कायम राखतो. व्होल्टेजच्या रूपात पाठविलेला संदेश लांब अंतरावर तारेतील घट आणि शेजारच्या मोटारींच्या केबलमधून येणारा विद्युत गोंगाट यांना सहज बळी पडतो. प्रवाहाचे तसे नसते. माळेच्या एका टोकाला जेवढे मिलिअँपिअर, तेवढेच दुसऱ्या टोकाला. मध्येच कोठे ओलाव्यामुळे गळती होत नसेल, तर अंतराने संदेश बदलत नाही.

नियंत्रण कक्षात हा प्रवाह बहुधा २५० ओहमच्या रोधकातून नेतात. ४ मिलिअँपिअर गुणिले २५० ओहम म्हणजे १ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअरला ५ व्होल्ट. संगणकाला वाचता येईल असा आकडा ओहमच्याच नियमाने तयार होतो. त्यावरून दाब काढणेही सोपे आहे. आलेल्या प्रवाहातून ४ वजा करावेत, १६ ने भागावे आणि ट्रान्समीटरच्या पूर्ण मर्यादेने गुणावे. शून्य ते १० बारच्या ट्रान्समीटरकडून ८ मिलिअँपिअर येत असतील तर दाब २.५ बार. १२ आले तर बरोबर निम्मा, ५ बार.

सुरुवात शून्याऐवजी ४ पासून का, हा प्रश्न नवख्याला नेहमी पडतो. त्याची कारणे दोन. पहिले असे की, या दोन तारांवरूनच ट्रान्समीटरला स्वतःला चालण्यासाठी लागणारी वीजही मिळते. दाब शून्य असतानाही त्याला जगण्यापुरता प्रवाह हवाच. दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. शून्य दाबाला शून्य प्रवाह असता, तर तार तुटली तरी पडद्यावर शून्य दाबच दिसला असता आणि बॉयलरमध्ये दाब चढत असताना चालक निश्चिंत राहिला असता. ४ मिलिअँपिअरच्या ‘लाइव्ह झिरो’मुळे तुटलेली तार आणि खरोखरचा शून्य दाब यांतील फरक तत्काळ कळतो. विजेच्या आधी कारखान्यांत हवेच्या दाबाने संदेश पाठवीत असत. तेथेही शून्यापासून नव्हे, तर ३ ते १५ पीएसआय अशी मोजणी असे. किमान आणि कमाल यांचे एकास पाच हे प्रमाण विजेच्या पद्धतीतही तसेच दिसते.

युरोपातील प्रक्रिया उद्योगांच्या नामुर या संघटनेने यापुढचे संकेतही ठरवून दिले आहेत. ३.८ ते २०.५ मिलिअँपिअर हे मोजमाप म्हणून स्वीकारावे. प्रवाह ३.६ पर्यंत वा त्याखाली घसरला किंवा २१ वर चढला, तर तो बिघाडाचा इशारा समजावा. बुद्धिमान ट्रान्समीटर आतला दोष ओळखून स्वतःच प्रवाह या सीमांबाहेर नेतो. हार्ट नावाच्या पद्धतीत तर याच प्रवाहावर अर्ध्या मिलिअँपिअरचे सूक्ष्म तरंग चढवून उपकरणाची अंकीय माहितीही पाठवितात. तरंगांची सरासरी शून्य असल्याने मूळ आकड्याला धक्का लागत नाही.

एवढी काळजी घेऊनही ओहमचा नियम विसरणाऱ्याला क्षमा नाही. ट्रान्समीटरला चालण्यासाठी किमान १२ व्होल्ट लागत असतील, तर २४ पैकी १२ व्होल्टच उरले. २० मिलिअँपिअर वाहण्यासाठी बाकीच्या परिपथाचा रोध ६०० ओहमपेक्षा अधिक असता कामा नये. समजा, मूळच्या २५० ओहमच्या जोडीला कोणी २५० ओहमचे आणखी एक दर्शक आणि ३०० ओहमचा सुरक्षा-अडसर त्याच माळेत घातला. तारेचे २५ ओहम धरून बेरीज झाली ८२५. आता ट्रान्समीटरने कितीही प्रयत्न केला तरी साधारण १४.५ मिलिअँपिअरपुढे प्रवाह जाऊ शकत नाही. दहा बारच्या ट्रान्समीटरवर हा आकडा साडेसहा बारचा होतो. म्हणजे पात्रात नऊ बार दाब असताना पडद्यावरचा आकडा साडेसहाच्या आसपासच अडकून राहील. कमी दाबाला तपासणी केली तर सारे ठीक दिसेल. दोष उघड होईल तो नेमका धोक्याच्या क्षणी. म्हणूनच नवे उपकरण जोडण्यापूर्वी रोधांची बेरीज करून पाहणे आणि तपासणी थेट २० मिलिअँपिअरपर्यंत करणे, हा जाणत्या तंत्रज्ञांचा दंडक असतो.

उशिरा आलेला सन्मान

ओहमच्या नियमाची किंमत प्रथम ओळखली ती प्रत्यक्ष मोजमाप करणाऱ्यांनी. जर्मनीत फेखनर आणि रशियात लेंझ यांनी तो प्रयोगांनी पडताळला. फ्रान्समध्ये पूये १८३० च्या दशकात स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले. लांब तारांवरून तारायंत्राचे संदेश पाठविण्याचे प्रयत्न सुरू झाल्यावर तर ओहमच्या सूत्राशिवाय पान हलेना. १८४१ मध्ये त्याच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले सर्वोच्च कोपली पदक त्याला दिले. पुढच्याच वर्षी सोसायटीने त्याला परदेशी सदस्य करून घेतले. आपल्या देशात ज्याची उपेक्षा झाली, त्याचा गौरव परदेशाने केला. त्यानंतर १८४५ मध्ये बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीने त्याला पूर्ण सदस्यत्व बहाल केले.

मधल्या काळात ओहम स्वस्थ बसला नव्हता. १८४३ मध्ये त्याने ध्वनीविषयी एक नवा विचार मांडला. संमिश्र स्वर ऐकताना आपला कान त्यातील साधे स्वर वेगवेगळे ओळखतो, असे त्याचे म्हणणे होते. यावर ऑगस्ट सीबेक यांच्याशी त्याचा वाद झाला. गंमत अशी की, ज्यांच्या तापविद्युत शोधाने ओहमला तारले, त्या थॉमस सीबेक यांचेच हे चिरंजीव. याही वेळी ओहमला माघार घ्यावी लागली. त्याच्या मृत्यूनंतर हेल्महोल्ट्झ यांनी ती कल्पना पुन्हा उचलून धरली आणि ध्वनिशास्त्रात तिला स्थान मिळवून दिले.

१८४९ मध्ये ओहम म्युनिकला आला. अकादमीच्या भौतिक उपकरणांच्या संग्रहाची देखरेख आणि विद्यापीठातील व्याख्याने अशी दुहेरी जबाबदारी त्याच्याकडे आली. ज्या पदाची आयुष्यभर आस धरली, ते प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद त्याला १८५२ मध्ये मिळाले. त्यावेळी तो त्रेसष्ट वर्षांचा होता. जेमतेम दोन वर्षे त्याला ते उपभोगता आले. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिक येथे त्याचे निधन झाले.

नाव झाले एकक

विजेच्या एककांना शास्त्रज्ञांची नावे द्यावीत, ही कल्पना ब्रिटनमध्ये १८६१ पासून आकार घेऊ लागली. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला ओहम हे नाव मान्य केले. व्होल्ट आणि अँपिअर ही नावेही त्याच परिषदेने स्वीकारली. व्होल्टा, अँपिअर आणि ओहम अशी तीन देशांतील तीन माणसे एका समीकरणात कायमची एकत्र आली. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेने १०६.३ सेंटिमीटर लांबीच्या, बर्फाच्या तापमानाला ठेवलेल्या पाऱ्याच्या स्तंभाचा रोध म्हणजे एक ओहम, अशी व्याख्या केली. वितळता बर्फ आणि मोजलेली लांबी, या दोन्ही गोष्टी ओहमच्या कलोनमधील प्रयोगशाळेतल्याच होत्या. आज ही व्याख्या पुंजभौतिकीतील स्थिरांकांवर आधारलेली आहे.

आणखी एक योगायोग नोंदण्याजोगा आहे. इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश या संकोची शास्त्रज्ञाने ओहमच्या पुष्कळ आधी, १७८१ च्या सुमारास, असाच नियम शोधला होता. स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या विजेच्या धक्क्यांची तीव्रता हेच त्याचे मोजमापाचे साधन होते. पण त्याने ते निष्कर्ष प्रसिद्ध केले नाहीत. मॅक्सवेलने त्याची टिपणे १८७९ मध्ये छापली, तोवर नियम ओहमच्या नावे रूढ झाला होता. कॅव्हेंडिशने जे सापडले ते कपाटात ठेवले. ओहमने ते जगासमोर मांडले, चुकीची किंमत मोजली, पुन्हा मोजमाप केले आणि खऱ्या उत्तराचीही किंमत मोजली. विज्ञानाच्या इतिहासात नाव कोणाचे राहते, याचे उत्तर या फरकात आहे.

न्यूरेंबर्गच्या ज्या तंत्रशिक्षणाच्या परंपरेत ओहमने उमेदीची वर्षे घालविली, त्या शहरातील तंत्रविद्यापीठ आज त्याचे नाव धारण करते. पण त्याचे खरे स्मारक कोणत्याही एका शहरात नाही. जेथे जेथे एखादा तंत्रज्ञ ट्रान्समीटरच्या तारेत मीटर जोडून १२ मिलिअँपिअरचा आकडा पाहतो आणि पात्रातला दाब निम्मा आहे हे निःशंकपणे सांगतो, तेथे तेथे कलोनच्या त्या शाळामास्तराने बर्फ, उकळते पाणी आणि आठ तांब्याच्या तारा यांच्या साहाय्याने केलेला हिशेबच खरा ठरत असतो.